एकाहून अधिक प्रोसेसर चालवण्यासाठी कर्नलची गुंतागुंत वाढवणे योग्य ठरते का?

नवकर्नल (प्रश्न)

नमस्कार. आम्ही अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी शिकण्याच्या हेतूने रिस्क-व्ही या खुल्या रचनेच्या प्रोसेसरसाठी एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहीत आहोत. पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता), वेळ वाटून देणारा शेड्युलर, एक साधी फाइल सिस्टीम आणि डिस्कचा ड्रायव्हर एवढे काम पूर्ण झाले असून ते क्यूएमू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, एका कोअरवर (प्रोसेसरमधील एका स्वतंत्र गणना करणाऱ्या भागावर) व्यवस्थित चालते. सामायिक माहितीला हात लावण्यापूर्वी इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे हार्डवेअरचे इशारे) बंद करायचे आणि काम झाले की पुन्हा सुरू करायचे, या एकाच नियमावर आमचे सगळे संरक्षण उभे आहे. तो नियम इतका सोपा आहे की गटात नव्याने आलेला विद्यार्थीही थोड्याच दिवसांत कोणताही भाग वाचू शकतो.

पुढच्या टप्प्यात चार कोअर चालवण्याची सोय करावी की नाही, यावर गटात दोन मते आहेत. आज एका कोअरचे यंत्र शोधूनही सापडत नाही, म्हणून ही सोय नसलेल्या कर्नलला अर्थ उरत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. उलट बाजूचे म्हणणे असे की लॉक (सामायिक माहितीला एका वेळी एकालाच हात लावू देणारे कुलूप), डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत सगळेच अडकणे) आणि मेमरीच्या क्रमाचे प्रश्न एकदा आत आले की आजचा वाचनीय कोड हातातून जाईल, आणि बदल्यात मिळणारा वेग आमच्या कामाला लागणारच नाही. मला दोन्ही मुद्दे पटतात आणि म्हणूनच निर्णय होत नाही. मोठ्या कर्नलांनी ही किंमत कशी मोजली आणि ती वसूल झाली का, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

जुना_बीएसडीवाला

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे निर्णय एकत्र आले आहेत. एकाहून अधिक कोअरवर कर्नल बरोबर चालणे हा पहिला, आणि त्या सगळ्या कोअरवर कर्नल वेगाने चालणे हा दुसरा. पहिल्याची किंमत मर्यादित असते. दुसऱ्याची किंमत पुढची दहा-पंधरा वर्षे फेडावी लागते, आणि मल्टिप्रोसेसरविषयी जी भीती बोलली जाते ती जवळजवळ सगळी या दुसऱ्या निर्णयातून आलेली आहे.

लिनक्सचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जून १९९६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत मल्टिप्रोसेसरची सोय प्रथम आली, तेव्हा संपूर्ण कर्नलभोवती एकच मोठे लॉक होते. वापरकर्त्याचे प्रोग्राम सगळ्या प्रोसेसरांवर एकाच वेळी चालत, पण सिस्टीम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) करून कर्नलमध्ये शिरण्याची मुभा एका वेळी एकालाच होती. यामुळे कर्नलमधील बहुतेक कोडला आपण अजूनही एकाच प्रोसेसरवर आहोत असे समजून चालता येत होते. त्यानंतर २.२, २.४ आणि २.६ या आवृत्त्यांमध्ये इंटरप्ट, नेटवर्क, फाइल सिस्टीम असे एकेक भाग त्या मोठ्या लॉकच्या बाहेर काढले गेले, आणि ते लॉक पूर्णपणे हटले ते मे २०११ मधील २.६.३९ या आवृत्तीत. म्हणजे पंधरा वर्षे. या काळात लिनक्स थांबून राहिले नाही, त्यावर जगभरचे सर्व्हर चालत होते, कारण मोठे लॉक असतानाही कर्नल बरोबर होता. तो फक्त काही कामांत मंद होता.

फ्रीबीएसडी या युनिक्सवंशीय सिस्टीमचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. १९९८ मधील ३.० आवृत्तीत तिथेही एकाच मोठ्या लॉकने सुरुवात झाली आणि ४.x ही मालिका त्याच रचनेवर अत्यंत स्थिर म्हणून नावाजली गेली. पुढे ५.० साठी कर्नलची बारीक लॉकमध्ये (प्रत्येक लहान भागाला वेगळे लॉक देऊन) मोठी पुनर्रचना हाती घेण्यात आली. ती आवृत्ती जानेवारी २००३ मध्ये बाहेर पडली, पण स्थिर म्हणून शिफारस करण्याजोगी ५.३ यायला नोव्हेंबर २००४ उजाडला. दरम्यान अनेकांनी ४.x सोडलेच नाही. ही दिशाच चुकीची आहे असे मानणाऱ्या मॅथ्यू डिलन यांनी जुलै २००३ मध्ये ४.x च्या कोडवरून ड्रॅगनफ्लाय बीएसडी हा वेगळा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक प्रोसेसरला आपापला शेड्युलर द्यावा, माहितीची मालकी शक्यतो एकाच प्रोसेसरकडे ठेवावी आणि दुसऱ्याला काही हवे असेल तर संदेश पाठवावा, अशी त्यांची मांडणी होती. आज मागे वळून पाहता फ्रीबीएसडीचे श्रम वाया गेले असे मुळीच म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २००८ मधील ७.० पासून त्याची फळे स्पष्ट दिसू लागली. पण माझ्या मते ५.x च्या काळात जो त्रास झाला तो मल्टिप्रोसेसरमुळे झाला नव्हता. कर्नलचे अनेक भाग एकाच वेळी उघडून ठेवले गेले, आणि त्यातला कोणता भाग खरोखर अडथळा आहे हे मोजण्याआधीच बरेचसे बारीक लॉक लिहिले गेले, यातून तो त्रास उद्भवला.

त्याच कुळातल्या ओपनबीएसडीने सर्वांत सावध मार्ग घेतला. नोव्हेंबर २००४ मधील ३.६ आवृत्तीत आय३८६ आणि एएमडी६४ या प्रोसेसरांवर ही सोय एका मोठ्या लॉकसह आली, आणि तेव्हापासून एकेक सिस्टीम कॉल तपासून, तो लॉकशिवाय चालवणे सुरक्षित आहे अशी खात्री झाल्यावरच बाहेर काढला जातो. हे काम अजूनही चालू आहे. वेगाच्या चाचण्यांत त्यांना याची किंमत मोजावी लागते, पण कोणता भाग मोकळा आहे आणि कोणता नाही हे तिथे कोड वाचून कळते, आणि मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

मोठे लॉक किती काळ पुरते हे ढोबळ गणिताने काढता येते. एखादे काम आपल्या वेळेपैकी ४० टक्के वेळ कर्नलमध्ये घालवत असेल, तर एका वेळी एकच प्रोसेसर आत जाऊ शकत असल्याने कितीही प्रोसेसर जोडले तरी एकूण काम अडीचपटीपलीकडे जाणार नाही. तेच काम गणनेचे असेल आणि कर्नलमध्ये केवळ ५ टक्के वेळ जात असेल, तर ही मर्यादा वीसपटीवर जाते. प्रत्यक्षात लॉकसाठी रांग लागल्याने आकडा याहून कमीच भरतो, पण चार कोअरच्या तुमच्या कर्नलला मोठे लॉक पुरेल की नाही, याचा अंदाज बांधायला एवढे पुरेसे आहे.

यंत्रशाळा

वरील इतिहास अचूक आहे, तरीही निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या निर्णयाची किंमत मर्यादित असते असे म्हटले गेले. कोडच्या ओळी मोजल्या तर ते खरे आहे. पण कर्नलची खरी किंमत त्याविषयी खात्रीने काय सांगता येते यावरून ठरते, आणि तिथे एकापासून दोन प्रोसेसरांकडे जाणे ही फार मोठी उडी आहे.

याचे सर्वांत ठोस उदाहरण एसईएल४ हा मायक्रोकर्नल, म्हणजे अगदी किमान काम करणारा छोटा कर्नल, आहे. २००९ मध्ये त्याच्या सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडची गणिती सिद्धता पूर्ण झाली, म्हणजे तो कोड आपल्या विनिर्देशाप्रमाणेच वागतो हे यंत्राने तपासलेल्या पुराव्याने दाखवले गेले. ती सिद्धता एका प्रोसेसरवर चालणाऱ्या कर्नलची होती आणि त्यात कर्नल चालू असताना इंटरप्ट जवळजवळ सर्वत्र बंद ठेवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला होता, कारण एकाच वेळी दोन वाटांनी चालणाऱ्या कोडविषयी काही सिद्ध करणे कितीतरी पटींनी अवघड असते. पुढे त्याच गटाने मल्टिकोअरसाठी एका मोठ्या लॉकची आवृत्ती तयार केली आणि मायक्रोकर्नलमधील कॉल अतिशय छोटे असल्याने काही मोजक्या कोअरपर्यंत ते लॉक आड येत नाही असे मोजून दाखवले. परंतु मूळ सिद्धता त्या आवृत्तीला लागू होत नाही. जगातील काही उत्तम कर्नलतज्ज्ञांनाही एक प्रोसेसर आणि अनेक प्रोसेसर यांत हा फरक मान्य करावा लागला आहे.

माझे काम यंत्रनियंत्रणाच्या क्षेत्रातले आहे आणि तिथे सरासरी वेगापेक्षा सर्वांत वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल याला महत्त्व असते. दोन कोअर एकाच लॉकसाठी किंवा एकाच कॅशेसाठी (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीसाठी) झगडू लागले की हा अंदाज फार सैल होतो. म्हणून या क्षेत्रात अनेकदा प्रत्येक कोअरवर स्वतंत्र कर्नल चालवला जातो आणि त्यांच्यात ठरावीक जागेतून संदेश पाठवले जातात. संशोधनातही हा विचार नवा नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने मायक्रोसॉफ्ट रिसर्चसह केलेल्या बॅरलफिशमध्ये २००९ साली एकाच यंत्रातील प्रत्येक कोअरला आपापला कर्नल दिला होता आणि त्यांच्यात सामायिक माहिती ठेवलीच नव्हती. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हाही ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जोडून तयार झाला होता, आणि त्यातील प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतःची होती. समांतर गणना हवी असेल तर सगळ्या प्रोसेसरांनी एकच कर्नल वाटून घेतलाच पाहिजे असे नाही.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे, जी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात हमखास डोळ्यांआड होते. रिस्क-व्हीचे मेमरी मॉडेल सैल आहे. एका कोअरने आधी माहिती लिहिली आणि मग ‘तयार’ असा झेंडा उंचावला, तरी मध्ये फेन्स (लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखायला लावणारी सूचना) नसेल तर दुसऱ्या कोअरला झेंडा आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. तुम्ही क्यूएमू ज्या लॅपटॉपवर चालवता तो बहुधा एक्स८६ (इंटेल किंवा एएमडी) प्रोसेसरचा असेल, आणि एक्स८६ चे लिहिण्याचे नियम याहून बरेच कडक आहेत. त्यामुळे विसरलेली फेन्स तिथे कदाचित कधीच चूक दाखवणार नाही आणि खऱ्या रिस्क-व्ही बोर्डावर कर्नल मध्येच कोलमडेल. चाचण्या उत्तीर्ण होणे हा एका कोअरवर बऱ्यापैकी पुरावा असतो. चार कोअरवर तो तसा राहत नाही.

त्यामुळे उपयोग सांगता येत नसेल तर ही सोय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवकर्नल

दोघांचेही आभार. फेन्सचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. एक शंका उरते. सध्याची रचना एका कोअरसाठी बरोबर आहे असे आम्ही गृहीत धरतो. मोठे लॉक घातले तर तीच रचना चार कोअरवर आपोआप बरोबर ठरेल का, की मोठ्या लॉकनंतरही काही भाग नव्याने विचार करून लिहावे लागतील?

कॅशेलाइन

आपोआप ठरणार नाही, आणि कुठे ठरणार नाही ते नीट समजून घेणे हाच या सगळ्या श्रमाचा सर्वांत मोठा लाभ आहे असे मला वाटते.

एका कोअरवर इंटरप्ट बंद करणे म्हणजे सगळ्या जगाला थांबवणे. चार कोअरवर ती सूचना फक्त स्वतःच्या कोअरला लागू होते आणि उरलेले तीन चालतच राहतात. म्हणून तुमच्या कोडमध्ये जिथे जिथे इंटरप्ट बंद केले आहेत, तिथे ते नेमके कोणत्या माहितीच्या रक्षणासाठी केले आहेत हा प्रश्न विचारावा लागतो. बहुतेक ठिकाणी याचे उत्तर कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसते, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. मोठे लॉक घेतानाही इंटरप्ट बंद ठेवावेच लागतात, कारण लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरने (तो इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडने) तेच लॉक मागितले, तर तो कोअर स्वतःचीच वाट पाहत कायमचा अडकतो.

दुसरी जागा म्हणजे झोपणे आणि जागे करणे. एखादी प्रोसेस डिस्कची वाट पाहणार आहे असे समजा. ती ‘डेटा अजून आलेला नाही’ असे तपासते आणि झोपी जाते. तपासणे आणि झोपणे यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरने डेटा आल्याची हाक दिली, तर ती हाक ऐकायला कोणीच झोपलेले नसते, आणि नंतर झोपलेली प्रोसेस पुन्हा उठत नाही. एका कोअरवर तुमच्या इंटरप्टच्या नियमाने ही फट झाकली गेली होती. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शैक्षणिक कर्नलमध्ये झोपण्याच्या फंक्शनला लॉकही द्यावे लागते ते याच कारणासाठी: प्रोसेसचे स्वतःचे लॉक हाती घेतल्याशिवाय ते फंक्शन दिलेले लॉक सोडत नाही, आणि जागे करणाऱ्यालाही तेच प्रोसेसचे लॉक घ्यावे लागते. तेवढा एक कोड नीट वाचला तरी या विषयाचा निम्मा भाग कळतो.

तिसरी जागा पेज टेबलची. एका कोअरने पेज टेबलमधील नोंद काढून टाकली तरी दुसऱ्या कोअरच्या टीएलबीमध्ये (पेज टेबलच्या नोंदी हाताशी ठेवणाऱ्या साठ्यामध्ये) जुनी नोंद शिल्लक राहते, आणि रिस्क-व्हीवरील टीएलबी साफ करण्याची सूचना केवळ स्वतःच्या कोअरपुरती असते. दुसऱ्या कोअरला संदेश पाठवून त्याच्याकडून ते काम करून घ्यावे लागते. तुमच्या प्रोसेसना एकाहून अधिक थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या वाटा) नसतील आणि कर्नलचे स्वतःचे पेज टेबल सुरुवातीनंतर बदलत नसेल, तर हा प्रश्न सध्या तुम्हाला टाळता येईल. एक्सव्ही६ तो असाच टाळतो.

आता यंत्रशाळा यांच्या मुद्द्याकडे येतो. सिद्धतेविषयी त्यांनी सांगितलेले मला पूर्ण मान्य आहे. परंतु एका प्रोसेसरचा कर्नल म्हणजे एकाच वाटेने चालणारा कोड, असे चित्र त्यातून उभे राहू नये. १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात एकच प्रोसेसर होता, तरीही ते यान वारंवार रीसेट होत होते. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी प्राधान्याचे काम एक लॉक धरून बसे, मध्यम प्राधान्याची कामे त्याला चालू देत नसत, आणि त्याच लॉकची वाट पाहणारे उच्च प्राधान्याचे काम वेळेत पूर्ण न झाल्याने देखरेख करणारी यंत्रणा सगळेच पुन्हा सुरू करी. पृथ्वीवरून त्या लॉकसाठी प्राधान्य उसने देण्याची सोय चालू केल्यावर तो दोष गेला. शेड्युलर चालू काम मध्येच थांबवू शकत असेल तर समांतरतेचे प्रश्न तुमच्या कर्नलमध्ये आजच आहेत. इंटरप्ट बंद करण्याच्या नियमाने ते केवळ झाकलेले आहेत.

लिनक्सच्या अलीकडच्या एका निर्णयाचाही विचार करावा. एक प्रोसेसर आणि अनेक प्रोसेसर यांसाठी शेड्युलरच्या कोडमध्ये वर्षानुवर्षे दोन वाटा ठेवल्या होत्या, आणि एक प्रोसेसरची वाट क्वचितच वापरली जात असल्याने ती सांभाळणे हाच एक भार झाला होता. लिनक्सचा शेड्युलर सांभाळणाऱ्यांपैकी एक असलेल्या इंगो मोल्नार यांनी २०२५ मध्ये प्रस्ताव मांडला आणि त्या वर्षीच्या ६.१७ आवृत्तीपासून शेड्युलर नेहमीच अनेक प्रोसेसर गृहीत धरून बांधला जातो. एका प्रोसेसरच्या छोट्या यंत्रांना त्यामुळे थोडी जास्त मेमरी लागते, आणि ती किंमत कोड सोपा करण्यासाठी मान्य केली गेली. १९९६ मध्ये जी सोय म्हणजे वाढीव गुंतागुंत होती, तिला वगळण्याची मुभा ठेवणे हीच आता गुंतागुंत ठरली आहे. तुमच्या निर्णयासाठी हे लक्षात घ्यावे: दोन्ही पर्याय उघडे ठेवणारा कर्नल या दोहोंपेक्षा अवघड होईल. ही सोय करायची ठरली, तर एक कोअर म्हणजे कोअरची संख्या एक, एवढाच फरक ठेवा.

बारीक लॉकच्या बाबतीत एमआयटीतील संशोधकांनी २०१० मध्ये केलेले मोजमाप मला फार बोलके वाटते. त्यांनी ४८ कोअरच्या यंत्रावर लिनक्सवर सात वेगवेगळे प्रोग्राम चालवून कर्नलमधील अडथळे शोधले, आणि ते बहुतांशी दूर करण्यासाठी कर्नलमध्ये १६ बदल पुरले, मिळून सुमारे ३,००० ओळी. अडथळे अनेकदा अगदी क्षुल्लक ठिकाणी होते, उदाहरणार्थ सगळे कोअर एकाच वेळी वाढवत-घटवत असलेला एखादा मोजणीचा आकडा. अशा जागा कोड वाचून ओळखता येत नाहीत, त्या मोजूनच सापडतात. म्हणून मोजल्याशिवाय एकही लॉक फोडू नये, या बाबतीत मी वरच्या पहिल्या उत्तराशी सहमत आहे.

यंत्रशाळा

पाथफाइंडरचा दाखला रास्त आहे आणि झाकलेल्या समांतरतेचा मुद्दा मी मान्य करतो. शिकणे हाच उपयोग असेल, तर माझ्या आधीच्या अटीत तो बसतो. तरीही हार्डवेअरकडे लक्ष वेधतो. सगळ्या दोन कोअरच्या चिप सारख्या नसतात. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवरील आरपी२०४० या चिपमध्ये कॉर्टेक्स-एम०+ चे दोन कोअर आहेत, पण त्या कोअरना एका झटक्यात वाचून-बदलून लिहिण्याची सूचनाच नाही. म्हणून त्या चिपमध्ये ३२ लॉक हार्डवेअरमध्येच वेगळे दिलेले आहेत. लॉकची अंमलबजावणी एका छोट्या फाइलमध्ये बंदिस्त ठेवली नाही, तर अशा चिपवर जाताना संपूर्ण कर्नल चाळावा लागेल.

नवकर्नल

गटाशी बोलून आम्ही पुढीलप्रमाणे ठरवले आहे. आधी कोणताही नवा कोअर सुरू न करता, आजच्या कोडमध्ये जिथे इंटरप्ट बंद केले आहेत त्या प्रत्येक जागी कोणती माहिती राखली जात आहे हे टिपणात लिहायचे. त्यातून काही जागी असे संरक्षण विनाकारण आहे किंवा अपुरे आहे असे दिसले, तर ते एका कोअरवरच दुरुस्त करायचे. त्यानंतर झोपण्याच्या आणि जागे करण्याच्या फंक्शनांना लॉक द्यायचे, मग एक मोठे लॉक घालून दोन कोअर चालवायचे. लॉक आणि फेन्स एकाच फाइलमध्ये राहतील. चाचणीसाठी आमच्या विभागात एक रिस्क-व्ही बोर्ड आहे, तो मागून घेत आहोत.

जुना_बीएसडीवाला

क्रम उत्तम आहे. त्यात एकच भर सुचवतो. मोठे लॉक घालतानाच, कोणत्या क्रमाने लॉक घेतले जातात याची नोंद ठेवून उलटा क्रम आढळला की लगेच कर्नल थांबवणारी तपासणी लिहून ठेवा. फ्रीबीएसडीत हे काम विटनेस करते आणि लिनक्समध्ये २००६ पासून लॉकडेप. डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याची वाट न पाहता तो शक्य आहे एवढ्यावरूनच ती तपासणी इशारा देते. लॉक एकच असताना ती लिहायला फारसे कष्ट पडत नाहीत. लॉक बरेच झाल्यावर ती लिहायला बसाल, तर आधीच्या कोडमधील प्रत्येक चुकीचा क्रम एकाच दिवशी समोर उभा राहील.